ट्युब्युलिन आणि न्यूक्लिओटाइडाचे विच्छेदन : एका सामान्य नियमाची घडण

एखाद्या ऊतकावरून मिळविलेले ज्ञान हे त्या ऊतकापुरते असते, की ज्या द्रव्याचा अभ्यास केला त्या द्रव्याचे म्हणून सर्वत्र लागू पडते, हा प्रश्न जीवरसायनाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. ट्युब्युलिन ह्या प्रथिनाचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. प्राणी, वनस्पती, कवके व एकपेशी जीव यांच्या पेशींत ज्या सूक्ष्मनलिका असतात त्या ह्या प्रथिनाच्या रेणूंनी घडलेल्या असतात. पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी त्यांच्याच आधाराने होते, आणि कशाभिकांची हालचालही त्यांच्यावाचून होऊ शकत नाही. ट्युब्युलिनाला ग्वानोसीन ट्रायफॉस्फेट, संक्षेपाने जीटीपी, हे न्यूक्लिओटाइड चिकटलेले असते. नलिका घडत असता त्याचे जलीय विच्छेदन होते. म्हणजे पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने त्याचा अंत्य फॉस्फेट सुटतो व मागे ग्वानोसीन डायफॉस्फेट, अर्थात जीडीपी, उरते. हे विच्छेदन कशासाठी होते, कोठे होते, आणि सर्व जीवांत ते एकाच रीतीने होते काय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या क्रमाने मिळत गेली तो क्रम पाहिला असता सामान्य नियम कसा घडतो आणि कसा सुधारावा लागतो ह्याचा उलगडा होतो.

ह्या प्रथिनाचा शोध त्याच्या कार्यावरून लागला नाही, एका विषावरून लागला. कोल्चिकम ह्या युरोपीय वनस्पतीतील कोल्चिसीन हे द्रव्य पेशीविभाजन थांबविते, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच प्रस्थापित झालेली होती. (महाराष्ट्रात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच द्रव्य असते.) इ. स. १९५२ मध्ये शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशाच्या साहाय्याने जिवंत पेशीतील तर्कू, म्हणजे चातीच्या आकाराची ती तंतुमय रचना, कोल्चिसीनाने विरत जाते असे दाखविले. १९६३ मध्ये ग्लुटाराल्डिहाइडाने पेशी स्थिर करण्याची पद्धती आली व त्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींतील नलिकांचे वर्णन करून ‘सूक्ष्मनलिका’ ह्या अर्थाची संज्ञा रूढ केली. पुढे १९६७ मध्ये शिकागो येथे बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सर्गी ट्रिटियमाने अंकित केलेले कोल्चिसीन कोणत्या प्रथिनाला चिकटते ह्याचा माग काढला. ते प्रथिन विभाजनशील पेशींत, सागरी अर्चिनाच्या शुक्रपेशींच्या पुच्छांत आणि मेंदूत असे तिन्ही ठिकाणी मिळाले. जेथे नलिका पुष्कळ तेथे हे प्रथिनही पुष्कळ, हा मेळ निर्णायक ठरला.

प्रारंभी त्याला ‘कोल्चिसीन-बंधक प्रथिन’ एवढेच म्हणत. हे नाव विषाचे होते, द्रव्याचे नव्हते. १९६८ मध्ये हिदेओ मोहरी यांनी अर्चिनाच्या शुक्रपेशींतील प्रथिनाचे पृथक्करण करताना त्याला ‘ट्युब्युलिन’ हे नाव दिले. हे नाव आकाराचे होते : नलिका करणारे ते ट्युब्युलिन. ते सोयीचे होते व लौकरच सर्वमान्य झाले. परंतु नलिका हेच ह्या प्रथिनाचे लक्षण आहे असे गृहीतही त्या नावाबरोबर आले, आणि त्याचा परिणाम पुढे जाणवला.

न्यूक्लिओटाइडाचा संबंध ह्याच सुमारास उघडकीस आला. १९६७ मध्ये स्टीफेन्स, रेनॉड आणि गिबन्स यांनी कशाभिका व पक्ष्माभिका यांच्या बाह्य तंतूंतील प्रथिनाशी ग्वानीनयुक्त न्यूक्लिओटाइड संलग्न असते असे दाखविले. स्नायूतील ॲक्टिन ह्या प्रथिनाशी ॲडेनीनयुक्त न्यूक्लिओटाइड संलग्न असते हे त्यापूर्वीच ज्ञात होते, त्यामुळे दोहोंची तुलना होणे स्वाभाविक होते. पुढील वर्षी वाइझेनबर्ग, बोरिसी आणि टेलर यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूतील प्रथिन शुद्ध करून एक महत्त्वाचा भेद नोंदविला. ह्या प्रथिनाचा रेणू जोडरेणू आहे. त्यात दोन न्यूक्लिओटाइडे असतात. त्यांपैकी एकाची भोवतालच्या द्रावातील न्यूक्लिओटाइडाशी अदलाबदल होते, दुसऱ्याची होत नाही. जोडरेणूचे अल्फा आणि बीटा हे दोन घटक पुढे वेगळे ओळखण्यात आले. अदलाबदल होणारे स्थान बीटा घटकावर आहे, आणि अदलाबदल न होणारे स्थान अल्फा घटकावर, दोन घटकांच्या सांध्यात झाकलेले आहे.

येथपर्यंतचा अभ्यास अर्चिन, पक्ष्माभिकायुक्त एकपेशी जीव आणि सस्तन प्राणी अशा विविध जीवांवर झालेला होता. १९७२ नंतर मात्र चित्र पालटले. त्या वर्षी वाइझेनबर्ग यांनी कॅल्शियमचे प्रमाण अत्यल्प ठेवल्यास उंदराच्या मेंदूच्या अर्कात, काचपात्रातही, सूक्ष्मनलिका आपोआप घडतात असे दाखविले. १९७३ मध्ये शेलान्स्की, गास्किन आणि कँटर यांनी शुद्धीकरणाची सुलभ रीत दिली. अर्क ऊन करावा म्हणजे नलिका घडतात, त्या वेगळ्या काढून थंड कराव्या म्हणजे विरघळतात, आणि हीच आवर्तने पुन्हा केली म्हणजे प्रथिन शुद्ध होते. मज्जापेशींच्या लांब शाखा सूक्ष्मनलिकांनी भरलेल्या असल्यामुळे मेंदूत हे प्रथिन विपुल असते, आणि गाईचे व डुकराचे मेंदू खाटीकखान्यांतून सहज उपलब्ध होत. ह्या दोन कारणांनी पुढील कित्येक वर्षे ‘ट्युब्युलिन’ ह्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ ‘सस्तनांच्या मेंदूतील ट्युब्युलिन’ असा राहिला. शुद्धीकरणाची रीतच अशी होती की जे प्रथिन उबेत जुळते व थंडीत सुटते तेवढेच तिच्या हाती लागावे. अंटार्क्टिक समुद्रातील मासे शून्य अंशाच्याही किंचित खाली, उणे १·८ अंश सेल्सिअसच्या सुमारास जगतात, आणि त्यांच्या पेशींत सूक्ष्मनलिका त्या शीतातच घडतात. डेट्रिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात हे दाखविले तेव्हा थंडीत सुटणे हा ट्युब्युलिनाचा धर्म नसून उष्णरक्त प्राण्यांच्या ट्युब्युलिनाचा धर्म आहे हे स्पष्ट झाले.

मेंदूतील ट्युब्युलिनावर झालेले कार्य मात्र अत्यंत मौलिक होते ह्यात शंका नाही. १९७४ ते १९७७ ह्या काळातील प्रयोगांनी असे ठरले की सुटा जोडरेणू जीटीपीचे विच्छेदन जवळजवळ करीतच नाही, तो नलिकेत सामील झाला म्हणजे विच्छेदन होते. तेही केवळ बीटा घटकावरील जीटीपीचे. अल्फा घटकावरील जीटीपी जसेच्या तसे राहते. स्पीगेलमन, पेनिंग्रॉथ आणि किर्शनर यांनी १९७७ मध्ये चिनी हॅम्स्टरच्या जिवंत पेशींत हे दुसरे न्यूक्लिओटाइड दीर्घकाळ टिकून राहते असे पडताळून पाहिले. परंतु विच्छेदनाचे प्रयोजन काय, ह्या प्रश्नाचे सहज सुचणारे उत्तर चुकीचे निघाले. जीटीपीतील ऊर्जा नलिका घडविण्याच्या कामी खर्च होत असावी अशी कल्पना प्रथम मनात येते. परंतु १९७६ मध्ये वाइझेनबर्ग आणि डीअरी यांनी ज्याचे विच्छेदन होऊ शकत नाही असे जीटीपीसदृश द्रव्य वापरले, तरीही नलिका घडल्या. एवढेच नव्हे, तर त्या नेहमीच्या नलिकांपेक्षा अधिक टिकाऊ होत्या. म्हणजे घडण्यासाठी विच्छेदनाची गरज नाही. गरज आहे ती मोडण्यासाठी.

ह्या विधानाचे संपूर्ण महत्त्व लक्षात येण्यास आणखी काही वर्षे लागली. १९८१ मध्ये कार्लिए आणि पांतालोनी यांनी मोजमाप करून दाखविले की विच्छेदन हे जुळणीच्या किंचित मागे पडते. त्यावरून वाढत्या नलिकेच्या टोकाशी अद्याप विच्छेदन न झालेल्या रेणूंचा एक पट्टा असला पाहिजे असे अनुमान निघते. ह्यालाच पुढे ‘जीटीपीची टोपी’ असे नाव मिळाले. १९८४ मध्ये मिचिसन आणि किर्शनर यांनी असे प्रतिपादन केले की एकाच द्रावात काही नलिका वाढत असतात व त्याच वेळी काही झपाट्याने आखूड होत असतात. टोपी असेतोवर नलिका वाढते. टोपी गेली की उघडी पडलेली जीडीपीयुक्त भिंत उलगडून कोसळते. १९८६ मध्ये होरिओ आणि होतानी यांनी ही वाढ व हा ऱ्हास एकेका नलिकेवर सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिला. विभाजनकाळी तर्कूच्या नलिका चहूकडे वाढतात, गुणसूत्र न सापडल्यास कोसळतात, आणि पुन्हा वाढू लागतात. ही चाचपणी ज्या अस्थैर्यामुळे शक्य होते त्या अस्थैर्याची किंमत म्हणजे जीटीपीचे विच्छेदन होय.

येणेप्रमाणे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक सुसंगत सिद्धांत तयार झालेला होता : जोडरेणू, दोन स्थाने, त्यांपैकी एकाच स्थानी विच्छेदन, आणि त्याचा परिणाम म्हणून नलिकेचे अस्थैर्य. ह्यांतील कोणता अंश सार्वत्रिक आणि कोणता स्थानिक, हे एका जीवाच्या अभ्यासाने ठरणे शक्य नव्हते. भाषांच्या इतिहासातही हाच न्याय आहे. एकच भाषा कितीही सूक्ष्म अभ्यासली तरी तिच्यातील कोणते रूप मूळचे व कोणते नंतरचे हे सांगता येत नाही; त्यासाठी भगिनीभाषा लागते.

ट्युब्युलिनाला अशी भगिनी सापडली ती सूक्ष्मजंतूंत, जेथे सूक्ष्मनलिका नाहीत असेच मानले जात होते. एश्चेरिकिया कोलाय ह्या जंतूत काही उत्परिवर्ते अशी होती की तापमान वाढविले असता पेशी लांबत जातात, परंतु विभागत नाहीत. ह्या दोषावरून संबंधित जनुकांना ‘एफटीएस’ अशी आद्याक्षरांची नावे मिळाली, आणि त्यांपैकी एकाच्या प्रथिनाला ‘एफटीएसझेड’ म्हणत. म्हणजे हेही नाव द्रव्याच्या स्वरूपावरून नव्हे, रोगलक्षणावरून पडले होते. विषावरून पडलेले एक नाव, आकारावरून पडलेले दुसरे आणि दोषावरून पडलेले तिसरे; ह्या तिन्ही नावांत नात्याची सूचना कोठेही नव्हती. १९९१ मध्ये बी आणि लुटकेनहाउस यांनी हे प्रथिन पेशीच्या मध्यावर कड्यासारखे जमते असे दाखविले. १९९२ व १९९३ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी ते जीटीपीला चिकटते व त्याचे विच्छेदन करते असे सिद्ध केले.

नाते ओळखण्याची खूण अत्यंत लहान होती. प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची माळ. एकेका अम्लास एकेक अक्षर मानल्यास ती एक दीर्घ अक्षरमाला होते. ट्युब्युलिनाच्या अक्षरमालेत सात अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सर्वत्र आढळतो : ग्लायसीन, ग्लायसीन, ग्लायसीन, थ्रिओनीन, ग्लायसीन, सेरीन, ग्लायसीन. एफटीएसझेडमध्ये हाच तुकडा आहे. फक्त सहाव्या स्थानी सेरीनऐवजी थ्रिओनीन आहे. बाकीच्या मालेत साम्य इतके अल्प आहे की एरवी ते योगायोगाचे मानले गेले असते. दोन भाषांतील सर्व शब्द पालटून जावेत आणि नात्याची साक्ष एका सर्वनामाने द्यावी, तसाच हा प्रकार होय. तथापि सात अक्षरांच्या साम्यावरून नाते निर्विवाद ठरत नाही. तो निर्णय १९९८ च्या जानेवारीत झाला. ‘नेचर’ ह्या नियतकालिकाच्या एकाच अंकात नोगालेस, वुल्फ आणि डाउनिंग यांनी ट्युब्युलिनाची, तर ल्योव आणि एमॉस यांनी मेथॅनोकॉकस जॅनाशी ह्या अत्युष्ण जलात राहणाऱ्या आर्कियातील एफटीएसझेडची त्रिमिती रचना प्रसिद्ध केली. अक्षरे पालटली होती, घडण मात्र एकच होती.

ह्या तुलनेने विच्छेदन कोठे होते ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ट्युब्युलिनाचा एकटा घटक हा पूर्ण एंझाइम नव्हे. न्यूक्लिओटाइड एका घटकाच्या माथ्यावर असते, आणि ते तोडण्यास लागणारा आम्लधर्मी गट त्यावर येऊन बसणाऱ्या पुढील घटकाच्या तळाशी असतो. दोघे जुळले म्हणजेच विक्रियेचे स्थान पूर्ण होते. सुटा जोडरेणू विच्छेदन का करीत नाही ह्याचे कारण हेच. बीटा घटकावरील जीटीपीसमोर पुढच्या अल्फा घटकाचे २५४ वे अम्ल, ग्लुटामिक अम्ल, येते. म्हणून ते तुटते. अल्फा घटकावरील जीटीपीसमोर बीटा घटकाचे लायसीन येते. म्हणून ते तुटत नाही. अँडर्स आणि बॉटस्टाइन यांनी २००१ मध्ये यीस्टमधील अल्फा ट्युब्युलिनात त्याच जागेचे ग्लुटामिक अम्ल बदलले, तेव्हा नलिका मोडेनाशा झाल्या आणि पेशी मेल्या. सामान्य ट्युब्युलिन त्याच पेशीत असूनही ह्या बदलाचा घातकपणा टळला नाही.

एफटीएसझेडमध्ये मात्र सर्व घटक एकसारखे असल्यामुळे प्रत्येक सांध्यावर विच्छेदन होऊ शकते. म्हणजे ‘दोन घटकांच्या भेटीत विच्छेदन’ हा अंश प्राचीन व सामान्य. ‘दोहोंपैकी एक स्थान मूक’ हा अंश नंतरचा व जोडरेणूपुरता मर्यादित. मेंदूच्या अभ्यासात हे दोन अंश एकजीव झालेले होते. त्यांची फोड तुलनेनेच होऊ शकली.

विच्छेदनाच्या परिणामांविषयी तर विविधता याहूनही अधिक आहे. एफटीएसझेड नलिका करीत नाही, त्याचे साधे तंतू होतात. २०१७ मध्ये दोन गटांनी असे दाखविले की हे तंतू एका टोकाने वाढत व दुसऱ्या टोकाने झिजत पेशीभोवती फिरतात, आणि नवीन भित्ती रचणारी एंझाइमे आपल्याबरोबर फिरवितात. ह्या गतीचा वेग विच्छेदनाच्या वेगावर अवलंबून असतो. बॅसिलस सब्टिलिस ह्या जंतूत विभाजनाचा वेग ह्या गतीने ठरतो, एश्चेरिकिया कोलायमध्ये मात्र ठरत नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिसमध्ये ट्यूबझेड नावाचे सगोत्र प्रथिन प्लाझ्मिडाची, म्हणजे स्वतंत्र वर्तुळाकार डीएनएची, वाटणी करते. विच्छेदन करू न शकणारे त्याचे रूप घातल्यास तंतू गोठून राहतात व प्लाझ्मिड पुढील पिढ्यांत टिकत नाही, असे लार्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये दाखविले. प्रोस्थेकोबॅक्टर ह्या जंतूंत २००२ मध्ये खऱ्या ट्युब्युलिनाशी निकटचे साम्य असलेली दोन प्रथिने सापडली. त्यांच्या बारीक नलिकांत केवळ चार तंतू असतात आणि त्याही वाढता वाढता कोसळतात, असे २०१७ मध्ये निश्चित झाले. सस्तनांच्या पेशींत बहुधा तेरा तंतूंची नलिका असते हे लक्षात घेतल्यास, अस्थैर्यास मोठ्या नलिकेची आवश्यकता नाही हे उघड होते.

सकेंद्रक जीवांतही एकवाक्यता नाही. २०१२ मध्ये विडलुंड आणि त्यांचे सहकारी यांनी ट्युब्युलिनाला धरून ठेवणाऱ्या यीस्टच्या एका प्रथिनाचा उपयोग करून नाना जीवांतून ट्युब्युलिन एका टप्प्यात शुद्ध करण्याची रीत दिली, आणि मेंदूची अपरिहार्यता संपली. सस्तनांच्या नलिकेत विच्छेदनानंतर जोडरेणूंमधील सांधा किंचित आखडतो असे २०१४ मध्ये नोगालेस यांच्या गटाने दाखविले होते, आणि ह्या आखडण्यातच कोसळण्याचे बीज असावे असा तर्क करण्यात आला होता. परंतु २०१७ मध्ये यीस्टच्या नलिका पाहिल्या असता त्यांत हे आखडणे आढळले नाही. बिम १ हे साहाय्यक प्रथिन मिळविल्यावर मात्र त्या आखडल्या आणि वेगाने विरघळल्या. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स ह्या सूत्रकृमीच्या बहुतेक नलिकांत अकरा तंतू असतात, आणि शुद्ध केलेले त्याचे ट्युब्युलिन गाईच्या ट्युब्युलिनापेक्षा अधिक वेगाने जुळते. विच्छेदन दोन्हीकडे तेच. त्याने भिंतीवर जो ताण पडतो आणि तो ज्या मार्गाने मोकळा होतो, तो मात्र जीवागणिक निराळा.

२०२२ मध्ये उष्ण जलस्रोतांतील ओडिनार्किओटा ह्या आर्किया गटातील ट्युब्युलिनाची रचना प्रसिद्ध झाली. हा गट सकेंद्रक जीवांच्या सर्वांत जवळच्या ज्ञात आप्तांपैकी आहे. त्याचे ट्युब्युलिन एकाच प्रकारच्या घटकांचे तंतू करते, दोन घटकांच्या सांध्यात जीटीपी धरते व तेथेच त्याचे विच्छेदन करते. उच्च तापमानात त्याच्याही नळ्या होतात. परंतु त्यांतील आखूड, वक्र तंतू नळीच्या लांबीला समांतर न धावता तिच्या परिघाभोवती वेटोळे घेतात. नलिका आहे, पण ती सूक्ष्मनलिका नव्हे. एका टोकास एफटीएसझेड आणि दुसऱ्या टोकास मेंदूतील ट्युब्युलिन यांच्या मधली ही पायरी आहे, असे तिच्या अभ्यासकांचे प्रतिपादन आहे.

ह्या सर्व इतिहासाकडे एकत्रित पाहिल्यास असे दिसते की ज्या आकारावरून प्रथिनाला नाव पडले तो आकार ह्या कुळाचे लक्षण ठरत नाही. तरीही सबंध कुळाला आज ‘ट्युब्युलिन-कुल’ असे म्हणतात. माहाराष्ट्रीसह सर्व प्राकृतांना ‘मराठी-कुल’ म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे : जे रूप अभ्यासकांना प्रथम भेटले त्याचे नाव दूरच्या आप्तांनाही लागले. नाव बदलण्याची गरज नाही. नावाला लक्षण समजू नये एवढेच. कुळाचे लक्षण नळीत नसून सांध्यात आहे. एक घटक न्यूक्लिओटाइड धरतो, दुसरा त्यावर येऊन ते तोडण्यास साहाय्य करतो, आणि त्या तुटण्याने त्यांचीच जुळणी शिथिल होते. जोडणीतच सुटण्याची तरतूद करून ठेवणारी ही योजना जंतूंपासून सस्तनांपर्यंत चालत आलेली आहे. तिचा उपयोग कोणी भित्ती रचण्यासाठी केला, कोणी प्लाझ्मिड वाटण्यासाठी, तर कोणी गुणसूत्रे शोधण्यासाठी.

एका जीवावरून बांधलेला नियम त्याज्य असतो असा ह्याचा अर्थ नव्हे. मेंदूवरील प्रयोगांवाचून विच्छेदनाचे प्रयोजन कळले नसते, आणि यीस्ट, कृमी वा जंतू यांच्याकडे कोणते प्रश्न घेऊन जावे हेही सुचले नसते. परंतु त्या नियमातील सार्वत्रिक अंश किती, हे तो नियम स्वतः सांगू शकत नव्हता. ते सांगण्यास अंटार्क्टिक मासा, अत्युष्ण जलातील आर्किया आणि विभागू न शकणारा एक जंतू ह्यांची साक्ष काढावी लागली.